बॅटरीवाले इनास मिस्त्री

"पानी कोन घालतो?"

गाडी कुणाचीही असो आणि तिचं दुखणं काहीही असो, इनास मिस्त्रींचा पहिला प्रश्न हा. गाडीवाला आपल्या परीने सांगत असायचा, की कालपर्यंत ठीक होती, आज सकाळी सेल्फ मारला तर नुसतीच कण्हली. मिस्त्री मान खाली घालून सगळं ऐकून घेत आणि मग म्हणत, "ते झालं. हिला पानी कोन घालतो?"

मला त्यांनी हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तेव्हा मी जरा ताठ्यानेच म्हटलं होतं, "मीच घालते. उकळून गार केलेलं."

ते हसले नाहीत. शर्टाला हात पुसत म्हणाले, "बाय, उकळून जंतू मरतात. मीठ नाय मरत."

मी डॉक्टर. माणिकपूरला दवाखाना थाटून जेमतेम वर्ष झालं होतं. पाणी उकळून प्या, हे दिवसातून वीस जणांना सांगण्यात माझी सकाळ जायची. एका शेडवाल्या मिस्त्रीने दोन वाक्यांत मला गप्प केलं, याचा राग आला होता. पण त्यांनी पुढे बॅटरीच्या सगळ्या कप्प्यांची झाकणं उघडून आतल्या पट्ट्यांवर आलेला पांढरा थर दाखवला, तेव्हा राग गिळावा लागला. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ. आम्ही ते पीत आलो होतो, आमच्या जिभेला ते कळत नव्हतं. बॅटरीला कळत होतं.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. वसईत मोटारी थोड्या. केळीच्या व्यापाऱ्यांचे ट्रक होते, स्टेशनाबाहेर दोन-तीन भाड्याच्या गाड्या उभ्या असत, आणि माझी एक जुनी विलायती गाडी होती, मुंबईच्या एका निवृत्त गृहस्थांकडून घेतलेली. बाई स्वतः मोटार चालवते हे बघायला पहिले काही महिने रस्त्याच्या कडेला माणसं उभी राहात. नंतर त्यांनाही सवय झाली. गाडी बंद पडली की तीच माणसं ढकलायला येत, आणि ती वारंवार येऊ लागली म्हणून मी मिस्त्रींच्या शेडपर्यंत पोहोचले.

शेड माणिकपूरच्या रस्त्यावर एका चिंचेखाली होती. तीन बाजूंनी कुडाच्या भिंती, वर पत्रे, पुढे दोन फळ्यांचं दार. आत तेलावर चालणारं एक छोटं इंजिन आणि त्याला जोडलेला डायनामो. त्यावर ते बॅटऱ्या चार्ज करत. मागच्या फळीवर चिनी मातीच्या बरण्या ओळीने मांडलेल्या, तोंडाला फडकी बांधलेल्या. त्यांत पावसाचं पाणी. वर्षभर पुरेल एवढं पाणी ते चार खांबांना स्वच्छ धोतर ताणून गोळा करत. तेही जूनचं नाही. "पयल्या पावसात आभाळातली धूळ उतरते. जुलैचं पानी घ्यायचं," असं ते म्हणत.

मिस्त्री उंच, सडपातळ, थोडे पोक काढून चालणारे. वय पन्नाशीच्या आसपास असेल. लढाईच्या काळात मुंबईकडच्या एका लष्करी डेपोत ट्रकांच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचं काम ते शिकले. लढाई संपली, नोकरी गेली आणि ते भुईगावला घरी परतले ते एक काचेची नळी जुन्या लोकरी मोज्यात गुंडाळून घेऊन. ती नळी बॅटरीच्या ॲसिडात बुडवायची, वरचा रबरी फुगा दाबून थोडं ॲसिड वर ओढायचं आणि आतली काचेची बाहुली किती तरंगते ते बघायचं. वर राहिली तर बॅटरी भरलेली, तळाला गेली तर उतरलेली. ही नळी ते दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसत. पण तिच्यावरचा आकडा मात्र गाडीवाल्यालाच वाचायला लावत. ट्रकवाल्यांपैकी कुणाला आकडा वाचता येत नसे. मग त्याला रेघा मोजायला लावत.

मी एकदा विचारलं, "तुम्हीच का नाही सांगून टाकत?"

"मी सांगितलं तर तो मानेल. त्यानं बघितलं तर त्याला कळेल. दोन्हीत फरक हाय, बाय."

त्यांच्या शर्टांना ॲसिडाने पडलेली भोकं असत, मोहरीएवढी, वाटाण्याएवढी. त्यांची बायको रेमेत ती भोकं रफू करत बसे. एकदा औषधाला आली होती तेव्हा मला म्हणाली, "माझा अर्धा जन्म त्याच्या शर्टात गेला. मी एक भोक शिवते, तो दोन आनतो." तिने त्यांचा एक कोट, एक पांढरा शर्ट आणि एक विजार पेटीत कुलूप लावून ठेवली होती. ते कपडे रविवारी देवळात (इथे चर्चला देऊळच म्हणतात) मिसेच्या प्रार्थनेला जाताना बाहेर निघत आणि घरी येताच पुन्हा पेटीत जात. किल्ली तिच्या कमरेला.

बरं, माणूस हट्टीही होता. नंदाखालला एका लग्नात हा हट्ट मी डोळ्यांनी पाहिला. नवरानवरी देवळातून बाहेर आली, फुलांनी सजवलेल्या भाड्याच्या गाडीत बसली, आणि गाडी सुरूच होईना. चालक घामाघूम. मिस्त्री पाहुण्यांत उभे होते, तेच पेटीतले कपडे घालून. ते पुढे सरकलेले बघताच रेमेतने त्यांची बाही धरली.

"कोट काढ आधी!"

त्यांनी कोट काढला, मग शर्ट काढला, दोन्ही तिच्या हातात दिले आणि पाद्रींच्या, नवरीच्या मावश्यांच्या, सगळ्या वऱ्हाडाच्या देखत गंजिफ्रॉकवर बॉनेटमध्ये वाकले. दोन मिनिटांत गाडी सुरू झाली. बॅटरीपासून गाडीच्या अंगाला जाणारी जाड पट्टी ढिली झाली होती, एवढंच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्रींनी हात वर करून चालकाला थांबवलं आणि पुन्हा इंजिन बंद करायला लावलं.

नवऱ्याचा बाप म्हणाला, "अरे इनास, झाली ना चालू! सोड आता!"

"चालू झाली म्हंजे बरी झाली असं नाय. पट्टी ढिली झाली कशानं?"

त्यांनी बोल्ट पूर्ण काढला. खाली कुणीतरी रंगाचा जाड थर तसाच ठेवून वर पट्टी आवळली होती. रंग खरवडून, पट्टी घासून, पुन्हा आवळून होईपर्यंत वीस मिनिटं गेली. नवरी उन्हात लाल झाली. मावश्यांनी तोंडं फिरवली. रेमेत कोट छातीशी धरून झाडाखाली उभी होती, आणि तिच्या तोंडावर लाज होती तसाच थोडा अभिमानही होता.

एकदा एका केळीच्या ट्रकचा चालक त्यांच्याशी भांडायला आला होता. तीन महिन्यांत दोनदा बॅटरी दुरुस्त केली आणि दोनदा बसली. मिस्त्रींनी विचारलं, पानी कोन घालतो. चालक म्हणाला, मीच, खाडीकडेच्या अमक्या विहिरीचं, अगदी स्वच्छ. मिस्त्रींनी सायकल काढली, त्या विहिरीवर जाऊन लोटाभर पाणी आणलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"पिऊन बघ."

त्याने घोट घेतला आणि थुंकला.

"तू पीत नाय ते हिला कशाला पाजतोस?"

मग बरणीतलं पाणी एका बाटलीत भरून त्याला दिलं आणि संपलं की परत यायला सांगितलं.

त्यांचं आणखी एक वेगळेपण असं, की जे सापडलं नाही ते सापडलं नाही असं ते सरळ सांगत. बाकीचे मिस्त्री काहीतरी बदलून, काहीतरी आवळून गाडी परत देतात. हे शेडच्या दाराच्या आतल्या अंगावर खडूने त्या गाडीचा नंबर लिहून ठेवत. दोष सापडला की नंबर पुसत. मी जाऊ लागले तेव्हा दारावर एकच नंबर होता. थोड्या दिवसांनी त्याच्याखाली माझ्या गाडीचा आला.

विहिरीचं पाणी बंद केलं, खराब झालेल्या पट्ट्या त्यांनी बदलल्या, तरी माझी बॅटरी उतरायची. रोज नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी. गाडी दोन दिवस उभी राहिली की हमखास. मिस्त्रींनी डायनामो तपासला, वायर न् वायर चाचपली. गाडी बंद करून ते बॅटरीची एक वायर सोडवत आणि मध्ये एक छोटा बल्ब जोडत. गाडीत कुठे चोरून करंट जात असेल तर तो बल्ब पेटणार. पण पेटतच नसे. शेडमध्ये दोन-दोन दिवस गाडी उभी करून पाहिली. बॅटरी भरलेली ती भरलेलीच. माझ्या अंगणात आली की पुन्हा उतरायची.

"गाडीत काही नवीन बसवलंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. क्षणाचाही विचार केला नाही.

"मागची डिकी उघडून दाखवा जरा."

डिकीची किल्ली दवाखान्यात राहिली होती. तिथे रुग्णही ताटकळत होते. "डिकी रिकामी आहे, मिस्त्री," मी म्हटलं. "तिथे बघण्यासारखं काही नाही."

त्यांनी मान हलवली. दुसऱ्यांदा मागितली नाही. मग थोडा वेळ दारावरच्या नंबराकडे बघत बसले आणि म्हणाले, "इथं ती बरी असते, बाय. तुमच्याकडं आजारी पडते. तुम्ही कसं करता? पेशंट दवाखान्यात बरा दिसला तर त्याच्या घरी जाऊन बघता ना? मला तसं येऊ द्या. तुमच्या अंगनात, जशी उभी असते तशी बघू द्या. काय काढू नका, काय ठेवू नका."

इतर दिवशी गाडी घेऊन मी गावोगाव फिरत असायची, म्हणून रविवार ठरला. त्या रविवारी मला सवड नव्हती, मी पुढचा सांगितला. पुढच्या रविवारी मिसा आटोपून मिस्त्री भुईगावाहून सायकलवर आले. अंगात पेटीतले कपडे, हँडलला हत्यारांची पिशवी. माझ्याकडे मुंबईचे डॉक्टर मित्र जेवायला आले होते. पानं वाढली होती. मी गड्याबरोबर निरोप पाठवला, की आज नको, पुढच्या रविवारी या. खिडकीतून मला दिसलं. ते फाटकाशी उभे राहून गाडीकडे बघत होते. गडी बोलला तशी त्यांनी मान डोलावली, सायकल वळवली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भुईगावाहून एकजण सायकल मारीत आला. त्याच्या भावाची बायको पहाटेपासून अडली होती. बाळ आडवं. सुईणीने हात टेकले होते. मी बॅग घेऊन धावले. बाळंतपणाची पत्र्याची ट्रंक डिकीत होतीच. सेल्फ मारला. काहीच नाही, कण्हणंसुद्धा नाही. गड्याने हँडल मारलं, त्या माणसाने मारलं, चौघांनी मिळून रस्त्यापर्यंत ढकललं. बॅटरी इतकी आटली होती की ठिणगीच पडेना. शेवटी स्टेशनावरून टांगा आणला. भुईगावला पोहोचेपर्यंत दीड तास गेला.

बाई वाचली. बाळ वाचलं नाही. मुलगा होता.

गाडी लगेच सुरू झाली असती तर तो वाचला असता का? डॉक्टर म्हणून तेव्हाही मला ठामपणे सांगता आलं नसतं, आजही येत नाही. पण त्या दुपारी परतताना टांग्यात बसून मला ते ठामपणे सांगता येत होतं. टांगा मी घरी नेला नाही. सरळ शेडवर नेला.

तिथे दोन ट्रकवाले होते, स्टेशनावरचा एक गाडीवाला होता आणि रस्त्याने जाणारे-येणारे. मी टांग्यातून उतरलेही नाही.

"मिस्त्री, तुमच्या बॅटरीपायी भुईगावचं एक मूल गेलं," मी ओरडले. "येत नसेल काम तर सोडून द्या! माणसांच्या जिवाशी कशाला खेळता?"

मिस्त्री जमिनीवर बसले होते, ते उठून उभे राहिले. काल मी तुमच्या फाटकाशी आलो होतो, असं ते म्हणू शकले असते. मी जवळजवळ वाट बघत होते, म्हणजे मला आणखी ओरडता आलं असतं.

ते म्हणाले, "बाई कशी हाय?"

"बाई ठीक आहे."

"कोनाच्या घरची?"

मी घरचं नाव सांगितलं. ते त्यांच्याच वाडीच्या पलीकडचं घर निघालं. त्यांनी दाराच्या चौकटीला हात धरला. "माझी चूक असेल, बाय," एवढं म्हणाले. मी टांगेवाल्याला गाडी हाकायला सांगितलं.

मुंबईहून मी नवी बॅटरी आणवली. ती दहा दिवसांत उतरली. खरं तर तेव्हाच मला कळायला हवं होतं की दोष मिस्त्रींच्या कामात नाही. कळलंही असेल. पण मी गाडी मुंबईच्या एका गॅरेजमध्ये पाठवली, त्यांनी डायनामो बदलला आणि मी त्या विचारापासून सुटका करून घेतली. बॅटरी उतरतच राहिली.

फेब्रुवारीत एका सकाळी शेजारच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी मेणबत्त्यांचं एक खोकं देवळात पोचवायला दिलं. मी ते डिकीत ट्रंकेच्या शेजारी ठेवलं आणि विसरले. दुसऱ्या दिवशी काढायला गेले तर एका बाजूच्या चार मेणबत्त्या वाकलेल्या. हवेत गारठा होता, गाडी सावलीत होती. मी आत हात घातला आणि बोटाला चटका बसला.

डिकीत एक छोटा दिवा होता. अंधाऱ्या गल्लीत हत्यारं शोधताना पंचाईत होते म्हणून गाडी घेतल्यावर मीच तो मुंबईत बसवून घेतला होता. दिव्याच्या बाजूला एक पातळ पितळी पट्टी होती. झाकण मिटलं की ती दाबली जायची आणि दिवा विझायचा. पण ट्रंक मागे सरकली की तिची कडी पट्टीखाली अडकायची. मग पट्टी दाबली जात नसे, आणि बंद डिकीत दिवा रात्रंदिवस जळत राहायचा. झाकण उघडलं की दिवा लागलेला असणारच, म्हणून तो आधीपासूनच जळतो आहे हे मला कधी समजलं नाही. शेडवर गाडी सोडताना मी ट्रंक दवाखान्यात काढून ठेवायची. म्हणून तिथे ती बरी असायची.

गाडीत काही नवीन बसवलंय का? नाही. डिकी उघडून दाखवा. रिकामी आहे.

मी त्याच दिवशी मिस्त्रींना गाठलं असतं तर आज हे लिहायला बसले नसते. शेडवर गेले ती आठवड्याने. शेड बंद होती. मागच्या कुडाच्या फटीतून आत पाहिलं तर इंजिन नव्हतं, बरण्या नव्हत्या. दाराच्या आतल्या बाजूला खडूचा एकच नंबर उरला होता, माझ्या गाडीचा. शेजारच्या दुकानदाराने सांगितलं, की मिस्त्रीने नाताळापूर्वीच सगळं विकलं, आता भुईगावला मेव्हण्याच्या वाडीत केळीला पाणी घालतो. मला वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर, ते भेटले नाहीत म्हणून सुटल्यासारखंही वाटलं.

त्यानंतर मी भुईगावला कितीदा तरी गेले. दरवेळी पेशंट होता, दरवेळी घाई होती. मग पावसाळा लागला आणि रस्ते चिखलाने भरले. असं करत ऑक्टोबर उजाडला.

शेवटी एका सकाळी, मुद्दाम, दुसरं काहीही काम नसताना मी त्या वाडीत गेले. मिस्त्री पाटाच्या कडेला उभे राहून कुदळीने माती ओढत होते. मला बघून त्यांनी कुदळ खाली ठेवली आणि विचारलं, "कोन आजारी हाय?"

"कुणी नाही. तुमच्याशी बोलायचंय."

मी सांगितलं. दिवा, पट्टी, ट्रंकेची कडी, मेणबत्त्या, सगळं. ऐकताना त्यांनी एकदाही माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. मी थांबल्यावर म्हणाले, "दाखवा."

गाडी वाडीच्या तोंडाशी उभी होती. त्यांनी ट्रंक आत ठेवली, मागे सरकवली, झाकण हळूहळू खाली आणलं आणि फटीला डोळा लावला. पुन्हा उघडलं, ट्रंक थोडी पुढे घेतली, पुन्हा मिटलं. असं चार-पाच वेळा. त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं ओझं दहा मिनिटं उतरलं होतं. "बघा, बघा," मला म्हणाले, "कडी इथं अडकते. आता विझला. आता नाय विझला. अशी लबाडी!" लपलेलं लहान मूल सापडावं तसे हसले. मग पट्टी बोटांनी जरा वाकवली, की कडी तिच्याखाली जाऊच नये. झाकण मिटून पुन्हा फटीतून पाहिलं. पाटाच्या पाण्यात हात धुतले.

"मिस्त्री," मी म्हटलं, "माझी चूक झाली. मला माफ करा."

ते हात पुसत राहिले. मग म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही माझ्या शेडमध्ये सगळ्यांसमोर बोललात. आज वाडीत मला एकट्याला सांगता."

आवाजात राग नव्हता. म्हणून ते अजून ऐकू येतं.

"सगळ्यांना सांगेन," मी म्हटलं. "शेड पुन्हा सुरू करा. माझ्या अंगणात जागा देते."

"नको, बाय." कुदळ उचलत म्हणाले, "आता मी कुनाला सांगितलं की तुझी गाडी बरी झाली, तर मलाच ते खरं वाटनार नाय."

तिथून मी थेट बाळ गेलं होतं त्या घरी गेले. सासू ओट्यावर सुपात तांदूळ घेऊन बसली होती, सून आत चुलीपाशी. मी उभ्या-उभ्याच सांगितलं, की त्या दिवशी गाडी बंद पडली ती माझ्या चुकीने, इनास मिस्त्रींचा त्यात काही दोष नव्हता.

म्हातारीने सूप खाली ठेवलं. "मग तो आमच्या दारात कशाला आला होता?"

"कोण?"

"इनास. आठ दिवसांनी आला, बायकोला संगती घेऊन. पायरीवर बसला. म्हनाला, माझ्या हातून झालं, मला माफी करा. रडला, बाय. एवढा मोठा बाप्या." ती सुपाकडे बघत म्हणाली, "आमी त्याला पानीसुद्धा विचारलं नाय. देवळात त्याच्या बाकावर बसत नाय अजून."

आतून सून बाहेर आली होती. दारात उभी राहून, पदर सारखा करत, सासूकडे न बघता ती म्हणाली, "मी दिलं असतं पानी. मला उठू दिलं नाय."

पुढे मी शब्द पाळला. ट्रकवाल्यांना सांगितलं, स्टेशनावरच्या गाडीवाल्यांना सांगितलं, दुकानदाराला सांगितलं. डिकीतल्या दिव्याची गोष्ट ऐकून लोक हसत. कुणी म्हणत, असं होय. शेडच्या जागी तोवर सायकलचं दुकान आलं होतं. म्हातारी मात्र पुढच्याच रविवारी देवळात मिस्त्रींच्या बाकावर जाऊन बसली, असं रेमेतच्या जावेने मला सांगितलं. रेमेतने स्वतः मला काही सांगितलं नाही. ती माझ्या दवाखान्यात त्यानंतर आलीच नाही.

पुढल्या वर्षी पावसाळ्याच्या मध्यावर मिस्त्री तापाने गेले. नऊ दिवस ताप होता. भुईगावला त्या नऊ दिवसांत मी दोनदा जाऊन आले, दुसऱ्या घरी, दुसऱ्या पेशंटसाठी. मला कुणी बोलावलं नाही. गेल्याचं कळलं तेव्हा दफन होऊन दोन दिवस झाले होते. नवव्या दिवशी तरी बोलावलं असतं तर मला काही करता आलं असतं की नाही, हा प्रश्न मी स्वतःला विचारत नाही. मला बोलावलं नाही, एवढंच मला माहीत आहे, आणि का ते माहीत आहे.

त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच वर्षीच्या मे महिन्यात. सकाळी नऊचा सुमार. भुईगावच्या त्या अरुंद वाटेने मी गाडी घेऊन चालले होते, दोन्हीकडे वाड्यांची कुंपणं, आणि समोरून ते सायकल हाताने ढकलत येत होते. मागे कॅरिअरवर विड्याच्या पानांची करंडी, ओल्या फडक्याने झाकलेली. दोघांना एकदम जाता येण्याइतकी वाट नव्हती. मी ब्रेक लावला. त्यांनी सायकल कुंपणात दाबून धरली आणि मला पुढे या अशी खूण केली.

मी त्यांच्याजवळ जाऊन थांबले आणि काच खाली केली. "मिस्त्री, एकदा घरी या ना. रेमेतबाईंनाही घेऊन या. जेवायलाच या."

"येईन की," ते म्हणाले. "आता कुठं निघालात?"

"कळंबच्या बाजूला. पहिलटकरीण आहे."

"मग इथं कशाला उभ्या ऱ्हायलात? जा, बाय. ती वाट बघत असंल."

कुंपणातून बाभळीची एक काटेरी फांदी वाटेवर झुकली होती. काचेवर घासेल म्हणून त्यांनी ती मोकळ्या हाताने मागे ओढून धरली. मी गिअर टाकला आणि त्यांच्या कोपराला जवळजवळ घासून पुढे निघाले. वळणावर आरशात पाहिलं. गाडी केव्हाच निघून आली होती, तरी ते फांदी धरून तसेच उभे होते.